बिलिंग सॉफ्टवेअरचा परवाना भलत्याच्याच नावावर

बेळगावच्या रविवार पेठेत आमचे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. खानापूर, चंदगड आणि सावंतवाडीकडचे किरकोळ दुकानदार आमच्याकडून माल भरतात, त्यामुळे गिऱ्हाईक काही कर्नाटकातले आणि काही महाराष्ट्रातले असते. बिलिंगसाठी सॉफ्टवेअर घेण्याचे ठरले तेव्हा एका एजंटाने एका नामांकित कंपनीचे सॉफ्टवेअर 'आयुष्यभराच्या परवान्यासह' २२ हजार रुपयांत बसवून देण्याची तयारी दाखवली. आपल्या लॅपटॉपवर त्याने मराठीत छापलेले बिल दाखवले, पैसे स्वतःच्या मोबाईल नंबरवर घेतले आणि साध्या कागदावर पावती दिली, जिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. सीमाभागात जो माणूस आपल्या भाषेत हिशेब समजावून देतो त्याच्याकडे पक्के बिल मागणे अनेकांना अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, आणि या एजंटाचा सारा धंदा त्याच संकोचावर चालत होता.

पहिला घोळ आमच्या सीएंच्या लक्षात आला. एजंटाने सर्व गिऱ्हाइकांचे राज्य कर्नाटक असेच भरून ठेवले होते. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. तिथे पाठवलेल्या मालावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर, लागायला हवा होता, पण बिलांवर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीवरचे केंद्राचे आणि राज्याचे कर, लागले होते. तिथल्या दुकानदारांना कर्नाटकच्या कराचे क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही, त्यामुळे त्यांनी पैसे अडवून धरले. सीजीएसटी कायद्याच्या कलम ७७ नुसार चुकून भरलेला कर परत मागता येतो आणि आयजीएसटी कायद्याच्या कलम १९ नुसार योग्य कर नव्याने भरताना व्याज लागत नाही, एवढाच त्यातला दिलासा. एजंटाने मात्र हा 'सेटिंगचा किरकोळ प्रश्न' असल्याचे सांगून विषय मिटवला.

खरा प्रकार उघड झाला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले तेव्हा. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, तूप १२ वरून ५ वर आले, आणि आमच्या दुकानातल्या निम्म्याअधिक मालाचे दर एका रात्रीत बदलावे लागले. इतर दुकानांत सॉफ्टवेअरचे अपडेट आले, पण आमच्याकडे ते चढेना. कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर विचारल्यावर कळले की आमचा सिरियल नंबर भलत्याच माणसाच्या ईमेलवर नोंदलेला आहे, तो एकाच संगणकासाठीचा आहे आणि अनेक ठिकाणी वापरला गेल्यामुळे बंद करण्यात आला आहे.

एजंटाला फोनवर जाब विचारला, तर त्याच संध्याकाळी आमचा संगणक उघडेनासा झाला. दुरुस्तीच्या सोयीसाठी म्हणून त्याने दुरून संगणक चालवण्याचे ॲप बसवून ठेवले होते, मुख्य पासवर्ड त्याच्याकडेच होता, आणि बॅकअपही त्याच्याच ऑनलाइन खात्यात जात होता. सर्व माहिती परत करण्यासाठी त्याने आणखी १५ हजार रुपये मागितले. आम्ही ते दिले नाहीत आणि पोलिसांत तक्रार केली.

विक्रीची माहिती बरीचशी परत मिळाली, कारण दाखल केलेली जीएसटीआर-१ ही विक्रीची विवरणपत्रे आणि माल वाहतुकीची ई-वे बिले सरकारी पोर्टलवर होती. मिळाली नाही ती उधारी. कोणाकडून किती येणे आहे, कोणी किती रोख भरले, कोणता माल परत आला, हे कोणत्याही पोर्टलवर नसते. दुकानदारांच्या वह्यांशी ताळमेळ घालून आम्ही खाती पुन्हा उभी केली आणि जिथे आकडा जुळला नाही तिथे समोरच्याचा आकडा मान्य करावा लागला. परवान्याच्या २२ हजारांपेक्षा हा फटका कितीतरी मोठा होता.

ग्राहक आयोगाचाही विचार केला. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी बसत नाही; केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेल्या खरेदीला त्यातून सूट आहे. नोकर आणि गोदाम असलेल्या घाऊक दुकानाला हा मार्ग खडतर आहे, असे वकिलांचे मत पडले.

सॉफ्टवेअर घेणाऱ्याने त्यात किती सोयी आहेत हे पाहण्याआधी परवाना कोणाच्या ईमेलवर निघणार आहे ते विचारावे आणि एजंट समोर बसलेला असतानाच कंपनीला फोन करून सिरियल नंबरची खात्री करावी. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. चाचणीसाठी त्याचे नमुने न वापरता आपलीच बिले घालावीत, एक खानापूरचे, एक चंदगडचे आणि एक गोव्याचे, म्हणजे कराची मांडणी तिथल्या तिथे दिसते. ज्यांची वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत आहे त्यांच्यासाठी जीएसटी नेटवर्कने २०१९ मध्ये काही कंपन्यांमार्फत बिलिंगची विनामूल्य सॉफ्टवेअरे उपलब्ध करून दिली होती, हे आम्हाला कोणत्याही एजंटाने सांगितले नाही, आणि तो सांगणारही नाही.

ज्यांच्याकडे असे सॉफ्टवेअर आधीच बसवलेले आहे त्यांनी एजंटाला काही विचारण्यापूर्वी उधारीची यादी आणि सर्व खाती एक्सेलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर घ्यावीत, नंतर इंटरनेटची जोडणी काढून ते दूरवरून चालणारे ॲप हटवावे, आणि मगच फोन करावा.