वेंगुर्ल्यात जुन्या ब्रोचची पारख

सासूबाईंच्या पेटाऱ्यात मिन्याचे सहा ब्रोच निघाले. सासरे १९५८ पासून मालवाहू बोटींवर नोकरीला होते आणि सुट्टीवर येताना पदराला लावायला असे काहीबाही आणत असत. गावातल्या सोनाराने ते एकेक करून तागडीत टाकले, "हेच्यात सोना खंय आसा, वयनी?" असे विचारून दोन नगांची नुसती चांदीच्या वजनाची किंमत सांगितली आणि उरलेले चार पितळ म्हणून परत सरकवले. त्याचेही चुकले नाही, कारण त्याचा धंदाच वजनाचा आहे.

वेंगुर्ल्यात एक बाई राहत्या घराच्या ओटीवर बसून जुन्या इमिटेशन दागिन्यांची पारख करून देतात, असे कळल्यावर मी ते सहाही घेऊन गेले. त्या नगास ३०० रुपये घेतात आणि पारखलेली वस्तू स्वतः कधीच विकत घेत नाहीत. किंमत सांगणारा आणि घेणारा एकच असला की काय होते हे आपण आंब्याच्या बाजारात दरवर्षी पाहतो, त्यामुळे हा नियम मला फारच आवडला.

त्यांनी प्रत्येक ब्रोच आधी पालथा केला. पाठीमागचा आकडा नुसता उघडा असेल तर वस्तू बहुधा विसाव्या शतकाच्या आरंभीची किंवा त्याआधीची, आणि पिन अडकवल्यावर फिरवून बंद होणारी कडी असेल तर नंतरची, हे त्यांनी मला दाखवून दिले; मात्र आकडा मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून झाळून डाग दिल्याची करडी गाठ आहे का हेही त्या चाचपून पाहत होत्या. त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग आले. खरा मीना म्हणजे काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सिअसला धातूवर वितळवून बसवलेली असते. ती गालाला गार लागते आणि तिचा टवका उडाला की कड काचेसारखी धारदार दिसते, तर रंगाचे किंवा राळेचे काम नखाला मऊ लागते. आम्ही घरात सर्वांत भारी समजत होतो तो मोर या परीक्षेत रंगवलेला निघाला.

निळ्या पानाचा ब्रोच मात्र त्यांनी बराच वेळ उन्हाकडे धरला. पारदर्शक मिन्याखाली चांदीवर यंत्राने कोरलेल्या बारीक रेघा, तो जरा कलता केला की, ओहोटीच्या वाळूवरच्या वळ्यांसारख्या हलत होत्या. पाठीवर ९२५एस (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी), नॉर्वे आणि डेव्हिड-अँडरसन या ऑस्लोच्या पेढीचा छाप होता, आणि त्या छापात चक्क एक तराजू आहे! एकही टवका नसल्यामुळे त्याची किंमत चांदीच्या कितीतरी पट ठरली. टोकाला टवका असता तर ती निम्म्यावर आली असती, असे त्या म्हणाल्या. मुकुटाखाली इंग्रजी टी आणि शेजारी कॉपीराइटची खूण असलेला ट्रिफारी या अमेरिकन कंपनीचा ब्रोच १९५५ नंतरचा ठरला, कारण दागिन्यांच्या नकलेवरून झालेल्या त्या वर्षीच्या खटल्यानंतर अमेरिकन कंपन्या ती खूण सर्रास उमटवू लागल्या. पत्र्याच्या दोन फुलांवर छाप नव्हता आणि किंमतही फारशी नव्हती.

काळ्या पार्श्वभूमीवरच्या मेखला या थाई देवीच्या ब्रोचबाबत मात्र बाई चुकल्या. त्याच्या पाठीवर सियाम स्टर्लिंग असा छाप आहे आणि सियाम हे देशाचे नाव १९३९ मध्ये बदलून थायलंड झाले, म्हणून ब्रोच त्याआधीचा, असे त्यांनी कागदावर लिहून दिले. परंतु सियाम स्टर्लिंग हा छाप पुढेही कित्येक वर्षे पर्यटकांना आणि सैनिकांना विकायच्या मालावर उमटत राहिला, आणि आमचा ब्रोच तर सासऱ्यांनी बँकॉकच्या बंदरावर नवा घेतलेला. फोन करून सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही आणि आठवड्यात दुरुस्त कागद पाठवला. तरीही मूळ तक्रार राहतेच: त्या किमतीचा एकच आकडा लिहितात, आणि तो परदेशी लिलावांवरून काढलेला असतो. कुडाळ-सावंतवाडीत त्या भावाने घेणारा मिळणे कठीण, तेव्हा विक्रीची वेगळी किंमत लिहायला हवी.

खाऱ्या हवेने दोन पिना गंजल्या होत्या आणि ट्रिफारीची पाठ कळकली होती. चिंच लावू नये, डागही देऊ नये, कारण आच लागताच मीना तडकतो; कोरड्या सुती फडक्याने पुसून हवाबंद डब्यात ठेवावे, असे त्यांनी बजावले. रंग त्या फक्त उजेडात पाहतात, म्हणून सकाळी दहाच्या आत जावे. पावसाळ्यात अंधारून आले तर सरळ परत पाठवतात.