कातळावरच्या कलमांसाठी 250 जीएसएमचा जलकुंडाचा कागद: घ्यावा, पण झाकणासकट

कोकणपट्टीवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि दसरा उलटला की त्याच सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) नवं लावलेलं काजूचं कलम पाण्यावाचून मान टाकायला लागतं. दोष पायाखालच्या जांभ्याचा. लाखो पावसाळ्यांनी त्यातले क्षार आणि सिलिका धुऊन नेली, मागे उरला लोह आणि ॲल्युमिनियमचा भोकाभोकांचा दगड. वरून आलेलं पाणी तो धरून ठेवत नाही. म्हणून नुसता खड्डा मारून भागत नाही, अस्तर लागतंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण जलकुंड’ या नावाने पसरवलेली कल्पना हीच: कलमांच्या मधोमध लहान खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद आणि पावसाचं पाणी. हे परीक्षण त्या कागदाचं आहे. प्रकार सिलपॉलिन (थरांवर थर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद), वजन 250 जीएसएम, कुंड 4 मीटर लांब, 2 रुंद आणि 1 मीटर खोल.

कागद चांगला आहे. तिरपे थर एकमेकांवर चिकटवलेले असल्यामुळे भोक पडलं तरी फाट पुढे धावत नाही. साध्या काळ्या पॉलिथिनला टोकदार खडा लागला की वीतभर चीर जाते, तसं इथे होत नाही. कोपऱ्यात घडी घालता येते आणि दोन माणसांना उचलून नेता येतो.

मात्र विकत घेताना एक घोळ हमखास होतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, आणि मायक्रॉन हे जाडीचं माप, मिलिमीटरचा हजारावा भाग. 250 जीएसएमचा कागद साधारण 265 ते 270 मायक्रॉन भरतो. मोठ्या शेततळ्याला जो 500 मायक्रॉनचा कागद वापरतात, तो हा नव्हे. आठ हजार लिटरच्या कुंडाला 250 जीएसएम पुरतो, मोठ्या तळ्याला पुरणार नाही. शंका असेल तर दुकानातच वजन करून घ्यावं. या कुंडाला 8 बाय 6 मीटरचा तुकडा लागतो, म्हणजे 48 चौरस मीटर. तो 12 किलोच्या जवळपास भरला पाहिजे. साडेनऊ किलोच भरला तर हातात 200 जीएसएमचा माल आलाय. 8 बाय 6 हे माप असं येतं: तळ, दोन्ही बाजूंच्या भिंती, आणि काठावर चारी बाजूंना एकेक मीटर. त्या मीटरातला अर्धा सपाट राहतो आणि उरलेला 30 सेंटिमीटर खोल चरात मातीने दाबायचा. तुकडा अखंडच मागावा. जोड दिलेला तुकडा स्वस्त पडतो, पण पहिली गळती तिथूनच सुरू होते.

आता मुख्य गोष्ट, जी कागद विकणारा सांगत नाही. या कुंडाच्या तोंडावर आठ चौरस मीटर पाणी उन्हात उघडं असतं. पाऊस थांबल्यावर इथल्या हवेत दिवसाला चार ते पाच मिलिमीटर पाणी उडतं. साडेचार धरले तर रोजचे 36 लिटर. पंधरा कलमांना आठवड्याला प्रत्येकी 15 लिटर द्यायचं म्हटलं तर रोजचे 32 लिटर होतात. म्हणजे उघड्या कुंडातून कलमांपेक्षा ऊनच जास्त पाणी पितं! ऑक्टोबरच्या मध्याला काठोकाठ असलेलं कुंड, नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी द्यायला लागलं तर शिमग्याच्या आधीच तळ दाखवतं. त्यानंतरचे मार्च, एप्रिल, मे हेच खरे कठीण महिने. तेच कुंड नीट झाकलं तर पंधरा कलमांना नोव्हेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे 28 आठवड्यांचे 6,300 लिटर देऊन थोडं शिल्लक राहतं.

जगात जिथे कोरड्या मुलखात पावसाच्या पाण्यावर जगायची वेळ आली, तिथे लोकांनी टाकीचं तोंड आधी बंद केलं. चीनच्या गान्सू प्रांतात 1995 नंतर घरटी पाणी गोळा करायचं एक अंगण, दोन टाक्या आणि बागेचा एक तुकडा अशी योजना राबवली. तिथल्या टाक्या मातीच्या पोटात, वर लहानसं तोंड. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या भागात छपराचं पाणी 16 हजार लिटरच्या सिमेंटच्या बंद टाकीत जातं. राजस्थानचा टांका, म्हणजे पावसाच्या पाण्याची जमिनीतली टाकी, तोही झाकलेलाच. भूमध्य सागराभोवती पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा ऊन मंद असतं आणि पाणी जमिनीत मुरून राहतं. पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात ऑलिव्हची खोल मुळं त्यावर तगतात. आपल्याकडे पाऊस गान्सूच्या कितीतरी पट, म्हणून उडणाऱ्या पाण्याची कोणी मोजदाद करत नाही. पण आठ महिन्यांची उघडीप कोकणालाही चुकलेली नाही.

झाकणासाठी बांबूचा सांगाडा आणि त्यावर 75 टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) हा सुटसुटीत उपाय. झावळ्यांचं छप्पर स्वस्त पडतं आणि सावली दाट देतं, पण दरवर्षी बदलावं लागतं. दोन्ही वणव्यात पेटतात, म्हणून कुंडाभोवती तीन मीटर पट्ट्यातलं गवत डिसेंबरातच कापून साफ करावं. झाकण पाण्याला टेकू देऊ नये. बाजूने एक हातभर मोकळं तोंड ठेवावं आणि तिथून एक खडबडीत बांबू आत तिरपा सोडावा, म्हणजे आत पडलेला सरडा किंवा खार वर चढून येते. तो नसेल तर मेलेल्या जनावराने पाणी नासतं. डासांसाठी चार-सहा गप्पी मासे पुरेत.

खड्डा मे महिन्यात काढावा. भिंती थोड्या तिरक्या ठेवल्या तर मुरूम ढासळत नाही, फक्त पाणी तेवढं कमी मावतं. तळ आणि भिंती हाताने चाचपून पाहाव्यात: टोचणारा प्रत्येक खडा, कापलेल्या मुळाचं प्रत्येक टोक काढून टाकायचं. मग चाळलेल्या मातीचा आणि शेणाचा दोन बोटं जाड लेप द्यायचा. बरेच जण कागदाखाली भाताचा पेंढा घालतात. त्याने मऊपणा येतो, पण उंदीरही येतात आणि खालून कुरतडतात. त्यापेक्षा खताची रिकामी पोती उसवून पसरावीत. कोपरे कापायचे नाहीत, पुडीसारखी घडी घालायची. कागद ताणून बसवू नये, सैल सोडावा. पहिलं वीतभर पाणी साचलं की तो आपोआप बसतो, मगच काठ चरात गाडावा.

कुंड भरायला वरच्या उताराचं पाणी वळवायची गरज नाही. आठ चौरस मीटरवर तीन हजार मिलिमीटर म्हणजे 24 हजार लिटर, कुंडाच्या तिप्पट. वळवलेलं पाणी गाळ आणतं. उलट वरच्या अंगाला छोटा बांध घालून ते बाजूला काढावं. सखल, पाणथळ जागी मात्र हे कुंड करूच नये. तिथे जुलैत जमिनीतलं पाणी वर चढतं, कागद खालून फुगतो आणि काठ उचकटतो.

कागद आधी काठावर मरतो. पाण्याखालचा भाग वर्षानुवर्षं टिकतो, पण उघडा काठ उन्हाने ठिसूळ होतो. त्यावर माती किंवा चिरे ठेवावेत. मे महिन्यात तळाला थोडं पाणी राहू द्यावं, म्हणजे रिकामा कागद वाऱ्याने फडफडत नाही. कुंड कलमांपेक्षा उंचावर असेल तर पाण्याने भरलेली नळी काठावरून खाली सोडली की पाणी आपोआप उतरतं. बुंध्याभोवती पातेरा (पालापाचोळा) घालावा, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते.

निव्वळ कातळावर ब्रेकर लावून खोदण्यापेक्षा चिऱ्यांचा चौकोन वर बांधून त्यात कागद टाकणं बरं. रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि पातळ मातीखाली ती सहज दिसत नाहीत. जागा ठरवण्याआधी खराट्याने कातळ झाडून पाहावा. रेघ दिसली तर कुंड दुसरीकडे.