बॅटरी वॉटरचे ते रिकामे कॅन

१,४७,५०० रुपये. काचा धुण्याचा पोल आणि मशीन घेताना फसलो, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नेमके किती गेले हे कुणी विचारायला नको. त्यातले २२,५०० तर जीएसटीचे, आणि बिलावरचा जीएसटी नंबर बिल करायच्या आधीच रद्द झालेला. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की दोन मिनिटांत कळतं. मीही टाकला, पण पैसे गेल्यावर. तुम्ही आधी टाका.

मी छत्रपती संभाजीनगरात काचा धुण्याचं काम करतो. सहा वर्षं शिडी, वायपर आणि बादली. जालना रोडला, एमआयडीसीकडं काचेच्या इमारती वाढल्या, तिसऱ्या-चौथ्या मजल्याची कामं यायला लागली. लोकांची लेकरं दोरीवर लटकवायची माझी छाती होत नाही, म्हणून पाण्याचा पोल आणि त्याला शुद्ध पाणी देणारं मशीन घ्यायचं ठरवलं. आपण खाली उभं राहायचं, वर ब्रश, ब्रशातून शुद्ध पाणी, आणि नंतर पुसायचं काम नाही. पुसायचं नाही म्हणूनच पाण्यात क्षार चालत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य पाहिजे, फार तर दहाच्या आत. नाहीतर पाणी वाळून जातं आणि क्षार काचेवर बसतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसलं असतं ते सांगायला नको, घरातला गिझर उघडून बघा. माझ्या बोअरचा टीडीएस ११८० आहे.

हे सगळं मला माहीत होतं. राग त्याचाच येतो.

मोबाइलवर व्हिडिओ, मग फोन, मग ‘साहेब, आजच्या आज बुकिंग केलं तर’. पुढचं तुम्हाला पाठ असेल. पण मी काही व्हिडिओ बघून पैसे टाकणारा नाही. एसटीनं पुण्याला गेलो, गोडाऊन पाहिलं, डेमो घेतला. माणसानं आणखी काय करायचं?

डेमोत विकणाऱ्याच्या पोरानं निळ्या ड्रममधलं पाणी मशीनला लावलं, दुसऱ्या टोकाचं पाणी काचेच्या ग्लासात धरलं, टीडीएस मीटर बुडवला. ०००. मी ग्लास उजेडात धरून पाहिला, म्हणजे पाण्यातले क्षार डोळ्यांना दिसणार होते जसे काही! आणि त्याच वेळी भिंतीशी रचलेले बॅटरी वॉटरचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन माझ्या नजरेस पडले. आठ असतील, दहा असतील. मी विचारलंसुद्धा, ‘एवढे कॅन कशाला?’ तो म्हणाला, ‘इन्व्हर्टरचे आहेत साहेब.’ आणि मी मान डोलावली. माझ्या घरच्या इन्व्हर्टरला एक कॅन वर्षभर पुरतो. त्याच्या गोडाऊनमध्ये दोन ट्यूबलाइट होत्या. आत जाणारं पाणीच मुळात बॅटरीचं, म्हणजे आधीच क्षार काढलेलं, तर बाहेर शून्य येणार नाही तर काय येणार? माझं म्हणणं एवढंच, की भारनियमनात वाढलेल्या माणसाला बॅटरी वॉटरचा कॅन खटकत नाही हो. कुणाच्या जिन्याखाली नसतो?

डेमोला जाताना आपल्या बोअरचं पाणी कॅनभर न्या आणि मीटर स्वतःचा न्या. दोन-अडीचशेला मिळतो. माझा घरी कपाटात होता.

५०,००० तिथंच भरले. उरलेले ९७,५०० माल निघायच्या आधी, बायकोच्या पाटल्या ठेवून. पहिलं काम एका शोरूमचं, ८,५०० रुपयांचं. संध्याकाळी काचा ओल्या होत्या तोवर झकास दिसत होत्या. सकाळी मॅनेजरनं फोटो पाठवले: पूर्वेकडची सगळी काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली, चुन्याचा सडा टाकल्यासारखी. मशीनमधून निघणारं पाणी मोजलं, ११६०. काम फुकट गेलं, वरून दोन दिवस शिडी लावून काचा पुन्हा पुसून द्याव्या लागल्या.

आरओ प्लँटवाल्या मित्रानं मशीनची टाकी उघडली. आत सगळे एकाच चहाच्या रंगाचे दाणे. तो हसला. म्हणाला, हे सॉफ्टनरचं रेझिन आहे. यानं पाणी मऊ होतं, कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, टीडीएस तेवढाच राहतो. शून्य करायला मिक्स बेड, म्हणजे दोन प्रकारच्या रेझिनचं मिश्रण लागतं, आणि आपल्या पाण्याला त्याच्याआधी आरओ लागतोच, नाहीतर चांगलं रेझिनसुद्धा लगेच संपतं. ‘आरओची गरज नाही’ असं जो म्हणेल त्याच्याकडून उठून या.

मग कार्बनचा म्हणून दिलेल्या पोलवर संशय आला. कापलेल्या टोकाला पॉलिश पेपर मारला, तर भुकटी पांढरी. कार्बनची काळी निघते. काळ्या विणीचा स्टिकर नखानं सोलला गेला, खाली साधा काचेच्या धाग्याचा पाइप. तीस फूट ताणला की वरचं टोक झुलतं. गोडाऊनमध्ये छत खाली होतं म्हणून मी अर्धाच उघडला होता. पोल पूर्ण ताणून दहा मिनिटं हातात धरल्याशिवाय घेऊ नका. आणि खरा कार्बन मिळालाच तर विजेच्या तारांजवळ उभा करू नका, त्यातून करंट येतो.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात सांगितलं, माल मिळाला ना, मग हे दिवाणी आहे. मी म्हणलं, साहेब, दगड भरून खोकं पाठवलं असतं तरी ‘माल मिळाला’च म्हणला असता का? त्यावर बाहेर बसा म्हणाले. दोन तास बसलो. सायबरवाले म्हणाले, ओटीपी कुणाला दिलात का? नाही? मग आमच्यात बसत नाही. म्हणजे ओटीपी दिला असता तर बरं झालं असतं! बँकेनं बोट पोलिसांकडं दाखवलं. जीएसटीवाल्यांनी लेखी द्या म्हणलं, दिलं, पोच मिळाली, पुढं काही नाही. ग्राहक तक्रारीला गेलो तर बाबू म्हणतो, धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही. हे साफ खोटं निघालं. २०१९ च्या कायद्यात पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहकच धरलाय, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. हे एका वकिलानं पंधरा मिनिटांत सांगितलं. त्या खुर्चीवर पगार घेणाऱ्याला माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं?

तक्रार टाकलीय. वकील म्हणाले, माल पुरावा आहे, हात लावू नका. म्हणून तो पोल जिन्यात उभा आहे, आणि आई रोज विचारते, शेवग्याच्या शेंगा तरी पाडू का त्यानं?