सारा व्हॉन आणि क्लिफर्ड ब्राउन (१९५४): पावसाळ्यापासून ऐकतेय, आता लिहिते

जॅझमधलं बाईचं गाणं ऐकायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलं की बहुतेक जण एला फिट्झजेराल्ड किंवा बिली हॉलिडेचं नाव घेतात. मी सारा व्हॉन सांगेन, आणि तिचा हाच अल्बम. मूळ रेकॉर्डवर नाव नुसतं 'सारा व्हॉन' होतं. ट्रम्पेटवाल्या क्लिफर्ड ब्राउनचं नाव पुढच्या आवृत्त्यांमध्ये शीर्षकात आलं, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर १९५४ मध्ये, दोन बैठकांत झालेलं. नऊ गाणी, साधारण पाऊण तास. बहुतेक 'स्टँडर्ड्स', म्हणजे नाटकांतली, सिनेमातली, लोकप्रिय झालेली आणि मग प्रत्येक जॅझ गायकाने आपापल्या परीने गायलेली. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बंदिश सगळ्यांना ठाऊक असते, आपण बसतो ते हा गवई ती कशी मांडतो हे ऐकायला. फरक असा की इथे पाठीमागे कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, ठरलेली साखळी फिरत असते आणि गाणाऱ्याला तिच्या आत राहून मोकळीक घ्यावी लागते.

ही मोकळीक साराला जमते, कारण ती आधी पियानो वाजवणारी आहे. न्यूआर्कची, चर्चमध्ये गात-वाजवत वाढलेली. १९४२ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरची हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी पियानिस्ट अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये गायिका आणि दुसरी पियानिस्ट म्हणून लागली. त्याच बँडमध्ये तेव्हा डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर होते, बीबॉप ही जॅझची नवी, गुंतागुंतीची शैली घडवणारे. म्हणजे बीबॉप तिने रेकॉर्डवरून उचलला नाही, शेजारी बसून ऐकला. म्हणूनच ओळ संपताना आपण जो सूर धरून चाललेलो असतो तो न घेता ती भलताच घेते, आणि तो कॉर्डमध्ये चपखल बसतो.

याची कसोटी 'एम्ब्रेसेबल यू'. यात ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही, फक्त पियानो, बास आणि ड्रम्स. जिमी जोन्स पियानोवर इतकं मोजकं वाजवतो की सुरुवातीला वाटतं हा झोपलाय की काय. पण तिला जागा हवी असते आणि तो ती देतो. लय अगदी संथ. ती एखादा शब्द ताणते, सूर खाली सोडते आणि शेवटी कंप देते, तोही तिला हवा तेवढाच. ड्रम्सवर रॉय हेन्स आहे. हा माणूस ९९ वर्षं जगला, २०२४ मध्ये गेला, आणि कितीतरी मोठमोठ्या लोकांबरोबर वाजवून गेला. इथे त्याचं काम म्हणजे मोडता न घालणं, आणि ते तो चोख करतो. इतक्या महिन्यांनंतरही हे एक गाणं मी काम करता करता लावू शकत नाही. लावलं की काम थांबतं.

'ललबाय ऑफ बर्डलँड' सगळ्यांना आवडेल असं आहे. जॉर्ज शिअरिंगने १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबसाठी केलेली चाल. सारा शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर वाद्यांशी खेळायला लागते, तेव्हा माणूस कुठला आणि वाद्य कुठलं हा प्रश्न उरत नाही. काही आवृत्त्यांत शेवटी याच गाण्याचा दुसरा टेकही (दुसऱ्यांदा केलेलं रेकॉर्डिंग) जोडलाय. एकदा ऐकण्यापुरता ठीक आहे.

क्लिफर्ड ब्राउन तेव्हा २४ वर्षांचा होता. 'एप्रिल इन पॅरिस'मध्ये त्याचं ट्रम्पेट येतं ते ओरडत नाही, बोलतं. जून १९५६ मध्ये तो मोटार अपघातात गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. हे कळल्यावर त्याचे सोलो मी जास्त हळवेपणाने ऐकायला लागले. त्यात संगीताचा भाग किती आणि माहितीचा किती, देव जाणे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिलं गाणं सोडलं तर लय बहुतेक संथ किंवा मध्यम, आणि सलग ऐकताना मधली गाणी एकमेकांत मिसळतात. 'इट्स क्रेझी' जरा झटकून उठवतं, पण ते अगदी शेवटी. हर्बी मानची बासरी मला पातळ वाटते. आमचे बाबा, ज्यांना बासरी म्हणजे हरिप्रसाद चौरसिया, दुसऱ्या खोलीतून म्हणाले, "हा शिट्टी का वाजवतोय मधेच?" मी अल्बमची बाजू घेतली खरी, पण मनातून पटलं होतं. 'हीज माय गाय' आणि 'जिम' ही लागोपाठची गाणी म्हणजे दुर्लक्ष करणाऱ्या पुरुषांवर तरीही जीव टाकणाऱ्या बायका. आज ऐकताना त्या जिमला दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

मोठा आक्षेप वेगळा आहे. सारा शब्दांपेक्षा सुराची आहे. 'सप्टेंबर साँग' कुर्ट वाइलने १९३८ च्या एका नाटकातल्या उतारवयातल्या माणसासाठी केलेलं, हाती उरलेले दिवस थोडे असं सांगणारं गाणं. इथे ३० वर्षांची सारा ते इतकं देखणं गाते की म्हातारपणाची चाहूलच लागत नाही. शब्द काळजाला भिडायला हवे असतील तर बिली हॉलिडेकडेच जा. मला मात्र सुराचं हे वेड पुरतं.

ऐकण्याबद्दल: रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी नाही. हेडफोनवर सगळं डोक्याच्या मधोमध गोळा होतं. साध्या स्पीकरवर, खोलीत थोडं लांब बसून जास्त छान लागतं. फोनच्या स्पीकरवर जो बेंजामिनचा बास जवळजवळ गायब होतो, आणि बास गेला की या गाण्यांचा पायाच जातो. लोकलमध्ये तर लावूच नका.

हा आवडला तर पुढे गायिका हेलन मेरिलचा अल्बम घ्या. तीच रेकॉर्ड कंपनी, तोच महिना, तोच क्लिफर्ड ब्राउन, आणि वाद्यमेळ रचणारा २१ वर्षांचा क्विन्सी जोन्स. तिचा आवाज घोगरा, कानाशी कुजबुजणारा, साराच्या अगदी उलट. ट्रम्पेट मात्र मला तिथलं थोडं अधिक आवडतं.