पहिली हाफ मॅरेथॉन: साताऱ्याचा घाट की मुंबईचा समुद्र?

आमच्या रविवारच्या टोळीत हा वाद दर वर्षी होतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरून पोह्यांच्या गाडीपाशी आलो की कोणीतरी नवं माणूस विचारतं, "पहिली हाफ कुठली करू?" आणि लगेच दोन पक्ष पडतात. यंदा प्रश्न विचारला सोसायटीतल्या वहिनींनी. वय एक्केचाळीस, दीड वर्षाचं धावणं, दोन दहा किलोमीटरच्या शर्यती खात्यावर. त्यांना एका बाजूने "सातारा म्हणजे सातारा!" आणि दुसऱ्या बाजूने "मुंबईसारखी मजा कुठेच नाही" एवढंच ऐकायला मिळालं. त्यातून निर्णय काय डोंबल घेणार?

मी मुंबई चार वेळा धावलोय, सातारा तीन वेळा. दोन्हीकडे अंतर तेच, २१.०९७ किलोमीटर. लोक बोलतात ते शर्यतीच्या सकाळबद्दल, पण ती सकाळ अडीच-पावणेतीन तासांत आटोपते. आधीचे चार महिने आणि नंतरचा आठवडा तुम्हाला घरात, ऑफिसात आणि जिन्यावर काढायचे असतात. माझ्या मते निवड तिथे होते.

ओळख थोडक्यात. मुंबई मॅरेथॉन २००४ ला सुरू झाली, आणि ती साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. फुल, हाफ, दहा किलोमीटर, ड्रीम रन (हौशी लोकांची छोटी दौड) असे बरेच प्रकार असल्यामुळे त्या दिवशी दक्षिण मुंबईत हजारो माणसं धावत असतात. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ ला सुरू झाली. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कधीतरी असते, आणि तिथलं मुख्य प्रकरण एकच: शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, वळसा घालायचा आणि त्याच वाटेने खाली यायचं.

चार महिने कोणते हवेत?

साताऱ्याची तयारी म्हणजे मे ते ऑगस्ट. मे महिना उकाड्यात जातो, पण तेव्हा लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब दौड) आठ-दहा किलोमीटरचेच असतात. खरे लांब पल्ले, म्हणजे चौदा, सोळा, अठरा, येतात ते भर पावसात. याचा फायदा मोठा आहे. हवा थंड असते, सकाळी साडेसातलाही ऊन नसतं, नाडी उगाच उडत नाही. तोटा पायांना कळतो. ओले मोजे घालून सोळा किलोमीटर केलेत तर तळव्याला फोड आलाच म्हणून समजा. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन, बुटांत रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे आणि शक्य असेल तर बुटांचा दुसरा जोड, हा पावसाळ्यातल्या धावणाऱ्याचा संसार. शिवाय शेवाळ. टेकडीवरच्या दगडांवर माझा एक मनगटाचा फ्रॅक्चर जमा आहे.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: श्रावण. शनिवारचा उपास धरणाऱ्यांचा लाँग रन नेमका रविवारी पहाटे येतो. वहिनींचा शनिवार असतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. उपास सोडायची गरज नाही. साबुदाण्याची खिचडी, रताळं, राजगिरा, केळी यांत पिष्टमय पदार्थ भरपूर आहेत. फक्त दिवसभर चहावर राहून रात्री दोन घास खाल्लेत तर रविवारी बाराव्या किलोमीटरला पाय बोलणं बंद करतात. शनिवारी दुपारीच पोटभर फराळ करा.

मुंबईची तयारी सप्टेंबर मध्यापासून जानेवारीपर्यंत. गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई, म्हणजे जागरणं आणि चकल्या. त्यात ऑक्टोबर हीट. सहाला निघालात तरी आठच्या आत परतायलाच हवं. पण नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी पुण्या-नाशकात धावायला इतकी छान असते की तीन आठवड्यांत वेग आपोआप सुधारल्यासारखा वाटतो. इथे एक फसगत आहे. बारा अंशांच्या कोरड्या थंडीत कमावलेला वेग मुंबईच्या दमट हवेत जसाच्या तसा मिळत नाही. माझ्या पहिल्या मुंबईत मी पुण्याच्या हिशेबाने सुटलो आणि हाजी अलीला पोचेपर्यंत बनियन पिळून निघेल अशी गत. तेव्हापासून मुंबईत किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद आधीच सोडून देतो.

तुम्ही राहता कुठे, हाही मुद्दा आहे. पुण्यात सिंहगडाचा घाट आहे, टेकड्या आहेत. ठाणेकरांना येऊर, बोरिवलीकरांना कान्हेरीचा रस्ता, कोल्हापूरकरांना जोतिबा आणि पन्हाळा. यांना साताऱ्याची तयारी जड नाही. पण लातूर, सोलापूरसारख्या सपाट ठिकाणी राहणाऱ्याने चढ आणायचा कुठून? उड्डाणपुलावर दहा फेऱ्या मारणारे मित्र आहेत माझे, आणि जिद्दीला सलाम, पण पुलाचा चढ तीनशे मीटरमध्ये संपतो. घाट संपत नाही.

शर्यतीची सकाळ

मुंबईची हाफ पहाटे अंधारात सुटते. सुरुवातीची जागा आणि मार्ग मधूनमधून बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचा नकाशा बघूनच बोला. सगळ्यांच्या डोक्यात असतो तो वांद्रे-वरळी सी लिंक. एरवी तिथे पायी जायला बंदी, दुचाकीलाही बंदी. मॅरेथॉनच्या दिवशी मात्र दोन्ही बाजूंना काळं पाणी आणि पुढे केबलांचा तो पंखा. ५.६ किलोमीटरचा हा पूल सपाट वाटतो, तसा तो नाही, हलकासा चढ-उतार आहे. लोक सेल्फीसाठी अचानक थांबतात, तेव्हा मध्यभागी धावू नका. पेडर रोडची चढण अर्ध्याहून अधिक शर्यत झाल्यावर येते. तिच्याविषयी नको तेवढं बोललं जातं. सातारा केलेल्या माणसाला ती चढण वाटतच नाही. पहिलटकराला वाटते, कारण तोवर तो मरीन ड्राइव्हची स्वप्नं बघत असतो. तिथले रहिवासी मात्र संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की घेऊन उभे असतात, आणि अनोळखी आजोबा तुमच्या बिबवरचं (छातीवरच्या नंबराच्या कागदावरचं) नाव वाचून हाक मारतात. त्याने शेवटचे काही किलोमीटर निघून जातात. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे अडीच तासांच्या आत-बाहेर धावणाऱ्याला उन्हाचा त्रास फारसा होत नाही.

साताऱ्याचा हिशेब वेगळाच. शहरातून बाहेर पडेपर्यंत गावकरी रस्त्याला, ढोल-ताशे, शाळेची मुलं, टाळ्या. मग घाट लागतो आणि आवाज मागे पडतो. ऐकू येतो तो फक्त शेकडो माणसांचा श्वास. ढग खाली उतरलेले असतात, एका वळणावर सातारा दिसतं, पुढच्या वळणावर काहीच दिसत नाही. मला दोन्ही शर्यतींतलं एकच दृश्य निवडायला सांगितलं तर मी हे निवडीन.

पण भावनेच्या भरात धावू नका. चढावर वेग बघायचा नसतो, श्वास बघायचा असतो. एक अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर चाला. मी सपाटीवर किलोमीटरला सव्वासहा मिनिटांनी धावतो. यवतेश्वरच्या चढावर आठच्या पुढे जातो आणि काही वळणं सरळ चालतो. चालण्यात कमीपणा नाही. वारीत दिवे घाटाची चढण सत्तरीतल्या आजी कशा चढतात ते एकदा बघा: छोटी पावलं, एकच लय, थांबणं नाही. घाट चढायचं याहून चांगलं तंत्र मला अजून कुठल्या कोचने शिकवलेलं नाही.

वेळेचं म्हणाल तर माझी मुंबईची सर्वोत्तम वेळ २ तास १४ मिनिटं, साताऱ्याची २ तास ३१ मिनिटं. दोन्ही वर्षी तयारी जवळपास सारखी होती. पुढे कुठे फुलसाठी वेळेचं प्रमाणपत्र जोडायचं असेल किंवा पीबी (आपली आजवरची सर्वोत्तम वेळ) लावायची असेल तर साताऱ्याची वेळ उगाच तुम्हाला मंद दाखवते.

उतार

आता या लेखाचं खरं कारण. साताऱ्याला सगळे चढाला घाबरतात. मोडतो तो उतार.

वळसा घातला की शरीराला वाटतं, सुटलो. दम खाली बसतो, वेग वाढतो, घड्याळात सुंदर आकडे दिसायला लागतात. त्याच वेळी मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकचं काम करत असतात. ते ताणले जात असताना आकुंचन पावतात, प्रत्येक पावलाला, आणि स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा याच कामात सर्वांत जास्त होते. तेव्हा दुखत नाही, हीच मेख आहे. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दोन ते तीन दिवसांनी टोकाला जातं. माझ्या पहिल्या साताऱ्यानंतर मी बुधवारपर्यंत ऑफिसचा जिना पाठमोरा उतरत होतो. शिपाई विचारत होता, "साहेब, मागे काही राहिलंय का?" अंगठ्यांची नखं काळी पडली ती वेगळीच.

उपाय आहे, आणि स्वस्त आहे. शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधीपासून दर आठवड्याला एकदा उतारावर धावायचा सराव करा. आधी एक किलोमीटर, मग दोन, मग चार. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी संपवा. एकदा उताराने दुखलेल्या मांड्या पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितक्या दुखत नाहीत, हा स्नायूंचा गुण आपल्याला फुकट मिळालेला आहे. पाऊल लहान ठेवा, टाच पुढे फेकू नका, बुटाची लेस वरून घट्ट बांधा म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. तिसऱ्या साताऱ्यानंतर मी सोमवारी सरळ तोंडाने जिना उतरलो.

मुंबईनंतरचा थकवा निराळा. तिथे मांड्या त्यामानाने शाबूत असतात, घामाने माणूस रिकामा होतो. डोकं जड, टोपीवर मिठाचे पांढरे पट्टे, दुपारी बिछान्यात मेल्यासारखी झोप. मीठ-लिंबू-साखरेचं पाणी, वरण-भात, ताक, आणि बुधवारी हलका तीन किलोमीटरचा जॉग. एवढ्यावर गाडी रुळावर येते. मात्र तहान नसताना वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लासच्या ग्लास रिकामे करू नका. नुसत्या पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते कमी पाण्याइतकंच, कधी जास्तच, धोक्याचं असतं.

दोन्ही ठिकाणांसाठी एक सूचना: शर्यतीआधी किंवा मधे वेदनाशामक गोळी घेऊ नका, पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते. आणि नंतर लघवी चहासारखी गडद झाली, मांड्या सुजल्या, तर फोम रोलर (स्नायू चोळायची फोमची नळी) बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

बाकीचं, पटापट

मुंबईचं बिब आधीच एक्स्पोला जाऊन स्वतः घ्यावं लागतं. म्हणजे बाहेरगावच्या माणसाला किमान एक रात्र मुंबईत, आणि त्या शनिवार-रविवारी हॉटेलवाले काय दर लावतात ते विचारू नका. दादर-ठाण्यात नातेवाईक असेल तर आत्तापासून फोन करत राहा. साताऱ्यात राहायची सोय स्वस्त, पण खोल्या मोजक्या. नोंदणीही सुरू झाली की झपाट्याने भरते. तुम्ही जूनमध्ये "बघू या" म्हणेपर्यंत विषय संपलेला असतो. स्वच्छतागृहांच्या रांगा दोन्हीकडे लांब. बायकांनी किमान पाऊण तास आधी पोचावं, असं आमच्या टोळीतल्या सगळ्याजणी सांगतात.

गुडघ्याच्या वाटीमागे आधीपासून दुखत असेल तर सातारा नको, निदान या वर्षी नको. उतारावर ते दुखणं हमखास डोकं वर काढतं. सपाट गावात राहत असाल, चांगली वेळ नोंदवायची असेल किंवा गर्दीच्या जोरावर पळणारा तुमचा स्वभाव असेल, तर मुंबई. ऑक्टोबर-नोव्हेंबर सणांत आणि मार्केटिंगच्या दौऱ्यांत वाहून जाणार हे माहीत असेल, घराजवळ घाट असेल आणि घड्याळाशी भांडण नसेल, तर पहिली हाफ म्हणूनही सातारा चालेल. वहिनींना मी मुंबई सांगितली. मुलाची दहावी मार्चमध्ये आहे, जानेवारीत शर्यत नको, म्हणून त्यांनी सातारा घेतली. माझ्या यादीत दहावीचा रकाना नव्हता, हे कबूल.

तर वहिनी, एकच राहिलं. शर्यतीनंतर गाडी भाऊंना चालवू द्या. मी पहिल्या वर्षी कंदी पेढे घेऊन ऐटीत स्वतःच स्टिअरिंगवर बसलो, आणि खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे क्लच दाबताना डाव्या मांडीत असा गोळा आला, की कडेला थांबून बायकोला शेजारच्या सीटवरून इकडे बोलवावं लागलं. पुण्यापर्यंत गाडी तिने आणली, आणि पेढेही बरेचसे तिनेच संपवले.