बिलिंग सॉफ्टवेअरची नवी मराठी मदत पुस्तिका: निम्मी सोपी, निम्मी घाईची

सोलापुरातील टॉवेल-चादरींच्या पेढ्यांमध्ये बऱ्यापैकी रुळलेल्या एका बिलिंग सॉफ्टवेअरने आपली मदत पुस्तिका नव्याने लिहून मराठीत उपलब्ध करून दिली आहे. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक दोष या धंद्यातल्या इतर सॉफ्टवेअरच्या मदतीतही सर्रास सापडतात. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे आणि चाटी गल्लीतल्या दुकानांचे हिशेब मी पाहतो. त्यामुळे ही पुस्तिका मी फुरसतीने चाळलेली नाही. बिल अडलेले आहे, गाठी बांधून तयार आहेत आणि टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवतो आहे, अशा वेळी ती उघडलेली आहे. मदत पुस्तिकेची खरी परीक्षा तिथेच होते आणि त्या परीक्षेत मी तिला पाचपैकी साडेतीन गुण देईन.

जुन्या पुस्तिकेची रचना सॉफ्टवेअरच्या मेनूप्रमाणे होती. आधी मास्टर, मग व्हाउचर, मग कॉन्फिगरेशन, आणि प्रत्येक खिडकीतील प्रत्येक रकान्याचे वर्णन. ती लिहिणाऱ्याला सगळे ठाऊक होते, पण दुकानातला दिवाणजी कोणता प्रश्न घेऊन येतो हे त्याने कधी पाहिले नसावे. विकलेला माल परत आला तर जुन्या पुस्तिकेत ‘क्रेडिट नोट व्हाउचर निर्मिती’ या प्रकरणापर्यंत पोहोचावे लागे, आणि तिथे पोहोचण्यासाठी परत आलेल्या मालाला क्रेडिट नोट, म्हणजे ग्राहकाच्या नावे तेवढी रक्कम वजा दाखवणारा कागद, लागते हे आधीच माहीत असावे लागे. नव्या पुस्तिकेत प्रकरणाचे नावच ‘विकलेला माल परत आला’ असे आहे. जुने बिल खोडायचे किंवा बदलायचे नाही, त्या बिलाचा क्रमांक घालून क्रेडिट नोट काढायची, हे पहिल्या दोन ओळींतच सांगितले आहे. त्याखाली मुदतीचाही उल्लेख आहे: विक्री ज्या आर्थिक वर्षातली, ते संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असल्यास त्या तारखेपर्यंतच, ही नोट विवरणपत्रात दाखवून कर कमी करता येतो. एवढी नेमकी ओळ मदत पुस्तिकेत सहसा वाचायला मिळत नाही.

सर्वांत उत्तम उतरलेले पान जीएसटी क्रमांकाच्या चुकीवरचे आहे. ग्राहकाचा क्रमांक टाकताना ‘चेकसम जुळत नाही’, म्हणजे क्रमांकाच्या शेवटचे पडताळणीचे चिन्ह जुळत नाही, असा लाल संदेश येतो आणि नवखा माणूस तिथेच थबकतो. जुन्या पुस्तिकेत या संदेशाखाली पडताळणीचे गणित समजावून दिले होते, ज्याचा बिल करणाऱ्याला काडीचा उपयोग नव्हता. नव्या पानावर १५ स्थानांची पट्टी काढून दाखवली आहे. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा स्थाने पॅनची, तेरावे स्थान त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगणारे, चौदाव्या जागी सहसा इंग्रजी झेड आणि शेवटचे स्थान पडताळणीचे. त्यानंतर कामाची गोष्ट येते: तिसऱ्यापासून सातव्या स्थानापर्यंत फक्त अक्षरे असतात, आठव्यापासून अकराव्यापर्यंत फक्त अंक आणि बाराव्या स्थानी पुन्हा अक्षर. म्हणजे त्या भागात शून्य लिहायचे की इंग्रजी ओ, याचा निकाल स्थानावरूनच लागतो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पुसट फोटोवरून क्रमांक उतरवून घेणाऱ्या मुलाला नेमकी हीच माहिती हवी असते.

याच पानावर २७ महाराष्ट्राचा, २९ कर्नाटकाचा आणि ३६ तेलंगणाचा, अशी राज्यांच्या संकेतांकांची उदाहरणे दिली आहेत. सोलापूरच्या व्यापाऱ्यासाठी ही निवड चोख आहे, कारण आपला माल विजयपूर आणि हैदराबादकडे रोज जातो. राज्य चुकले की बिलावर केंद्र आणि राज्य अशा दोन करांऐवजी राज्याबाहेरच्या विक्रीवरचा एकात्मिक कर लागतो किंवा त्याच्या उलट होते, आणि पुढचा सगळा घोळ हिशेबनिसाला निस्तरावा लागतो. कारणासह सांगितलेली सूचना माणूस विसरत नाही, हे या पानाच्या लेखकाने ओळखले आहे.

ई-वे बिलाच्या, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या जीएसटीच्या कागदाच्या, प्रकरणात मात्र सोपे करण्याच्या भरात पुस्तिका चुकीचे सांगून बसली आहे. ‘पन्नास हजारांवरील प्रत्येक बिलाला ई-वे बिल काढा’ असे तिथे ठळक अक्षरांत छापले आहे. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ५०,००० रुपयांची मर्यादा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे हे खरे. परंतु महाराष्ट्राच्या आतल्या वाहतुकीसाठी १ जुलै २०१८ पासून ती एक लाख रुपये आहे. पंढरपूरला जाणाऱ्या सत्तर हजारांच्या गाठीसाठी दिवाणजीने विनाकारण खटपट करावी, असा त्या वाक्याचा परिणाम होतो. एक वाक्य वाढले असते तर पान अवघड झाले नसते. ई-वे बिलाच्या मुदतीचेही तेच. २०० किलोमीटरला एक दिवस एवढेच लिहून पुस्तिका थांबते. पहिला दिवस ई-वे बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो आणि मुदत संपण्याच्या आधीचे व नंतरचे आठ तास ती वाढवून घेता येते, हे ती सांगत नाही. हैदराबादच्या वाटेवर गाडी बंद पडल्यावर पहिला फोन याच प्रश्नासाठी येतो. पूर्वीची पुस्तिका क्लिष्ट असली तरी या दोन्ही गोष्टी तिच्यात होत्या, हे नमूद करणे भाग आहे.

बॅकअपच्या प्रकरणातला दोष वेगळ्या जातीचा आहे. जुना डेटा परत आणण्याची कृती सहा पायऱ्यांत दिली आहे. वाक्ये लहान आहेत, चित्रे मोठी आहेत, आणि पाचव्या पायरीवर ‘रिस्टोअर’ हे बटण दाबायला सांगितले आहे. सध्याचा डेटा यामुळे पुसला जाईल, त्याची प्रत आधी काढून ठेवा, हा इशारा सहाव्या पायरीच्या खाली बारीक अक्षरांत येतो. वाचणारा माणूस एक ओळ वाचतो आणि एक बटण दाबतो; पूर्ण पान आधी वाचून मग हात लावणारा वापरकर्ता केवळ पुस्तिका लिहिणाऱ्याच्या कल्पनेत असतो. हा इशारा पहिल्या पायरीच्याही वर असायला हवा.

भाषेबद्दल तक्रार कमी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक पेढ्यांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले मराठीत बिले करतात, आणि ‘विकल्प निवडून निवेश सुनिश्चित करावा’ छापाचे मराठी त्यांनाच काय, मलाही दोनदा वाचावे लागते. नव्या पुस्तिकेत बटणाचे नाव पडद्यावर जसे आहे तसेच ठेवले आहे आणि बाकीचे वाक्य बोलीच्या जवळचे आहे, ही योग्य तडजोड आहे. शोधपेटीला मात्र ही शिस्त लावलेली नाही. ‘उधारी’ लिहिले तर काही सापडत नाही, ‘येणे रक्कम’ लिहिले तर सापडते. दुकानात दिवसभर काय बोलले जाते हे एकदा ऐकून घेतले असते तर हे टळले असते.

दरांची उदाहरणेही जुनी राहिली आहेत. हजार रुपयांवरच्या चादरीला १२ टक्के कर लावलेले बिल अजून चित्रात दिसते, जेव्हा २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के असा दर आहे. ज्या गोष्टी दरवर्षी बदलू शकतात त्या चित्रात गोठवू नयेत, आणि ठेवल्याच तर पानावर तारीख घालावी. या पुस्तिकेत एकाही पानावर तारीख नाही.

नवीन ग्राहकांनी ही पुस्तिका जरूर वापरावी. ई-वे बिलाच्या प्रकरणापुरते आपल्या कर सल्लागाराला विचारावे आणि जीएसटी क्रमांकाचे पान छापून गल्ल्याशेजारी चिकटवावे. जुन्या ग्राहकांसाठी एक अडचण आहे. नवी पुस्तिका फक्त नव्या आवृत्तीतच दिसते, ती आवृत्ती घेण्याआधी बॅकअप काढणे सक्तीचे आहे, आणि तो कसा काढायचा हे तोपर्यंत जुन्या इंग्रजी मदतीच्या ‘डेटा युटिलिटीज’ या प्रकरणातच शोधावे लागते.