जुन्या बाजारातल्या इंग्रजी एलपी: ब्लूज घ्या, फोक रॉक निरखून घ्या, प्रोग नवंच घ्या

ब्लूज, फोक रॉक (लोकसंगीताच्या वळणाचं रॉक) आणि प्रोग्रेसिव्ह रॉक ऊर्फ प्रोग (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) यांच्या एलपी पुण्यात जमवायच्या असतील तर मंगळवार पेठेतला जुना बाजार आजही पालथा घालण्याजोगा आहे. मात्र तिन्ही प्रकारांसाठी तो सारख्या कामाचा नाही. ब्लूजसाठी उत्तम, फोक रॉकसाठी बेताचा आणि प्रोगसाठी जवळजवळ निरुपयोगी. यात विक्रेत्यांचा दोष नाही. प्रत्येक संगीताला तबकडीवरचे वेगवेगळे दोष खुपतात आणि वापरलेल्या तबकडीत दोष असणारच. कुठला दोष कुठे चालतो हे कळलं की पैसे वाया जात नाहीत.

बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मेट्रोचं मंगळवार पेठ स्थानक जवळ आहे, गाडी लावायची कटकट टाळा. नळाचे कॉक, पितळी डबे, बंद घड्याळं, मोटारींचे सुटे भाग अशा पसाऱ्यात रेकॉर्डचे गठ्ठे असतात. त्यात बहुतेक हिंदी चित्रपटसंगीत, मग भावगीतं आणि नाट्यसंगीत. इंग्रजीत बोनी एम, अ‍ॅबा, जिम रीव्ह्ज यांची चलती. आपल्याला हवं ते यांच्या तळाशी दडलेलं असतं, म्हणून खाली बसून गठ्ठा उपसायची तयारी हवी. जाड, जड, ठिसूळ तबकड्या दिसल्या तर त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. त्या एलपीच्या सुईवर लावू नयेत. त्यांची खाच तिप्पट-चौपट रुंद असते, त्यामुळे बारीक सुई तळाशी घासत जाते आणि खरखरीखेरीज फारसं काही ऐकू येत नाही.

इथल्या बहुतेक इंग्रजी एलपी भारतीय छपाईच्या. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या कोलकात्याजवळच्या दमदमला निघत. कव्हर पातळ, कधी मूळचं उघडणारं कव्हर साध्या पाकिटावर आणलेलं, आणि नव्या कोऱ्या तबकडीतही थोडी खरखर. तरी पिंक फ्लॉइडसारखी नावं इथे छापली गेली म्हणूनच आज हाती लागतात. किंग क्रिमसन किंवा व्हॅन डर ग्राफ जनरेटर यांसारख्या प्रोग बँडचं काही सापडलं तर ते बहुधा कोणीतरी परदेशातून आणलेलं असतं.

पारखण्याची रीत अशी. आधी कव्हर आणि लेबल जुळतं का पाहा, अदलाबदल नेहमीची. मग तबकडी बाहेर काढून मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरा. वरून पडणाऱ्या उजेडात लपलेले चरे तिरप्या उजेडात उठून दिसतात. चऱ्यावरून नख हळूच फिरवा. नख अडलं तर तिथे टिकटिक येणार, कदाचित सुईही उडणार. नख अडलं नाही तर तो चरा बहुधा वरवरचा. तबकडी डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून वाकलेली आहे का बघा. कडेशी किंचित लाट चालते, पण उन्हात राहून बशीसारखी झालेली सोडून द्या. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढऱ्या रेघांचं जाळं असेल तर ती पुष्कळ वाजली आहे. खाचा चकाकण्याऐवजी राखाडी दिसत असतील तर जड सुईनं त्या खाल्लेल्या आहेत. हे नुकसान धुऊन जात नाही. सगळ्यात फसवा दोष मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचा. वर्षानुवर्षं तसल्या पीव्हीसी पाकिटात राहिलेल्या तबकडीवर दुधट साय धरते. दिसायला बुरशीसारखी, पण ती प्लास्टिकची रासायनिक करणी असते. एकसारखी फुसफुस ऐकू येते आणि कशानंही जात नाही. बुरशी ठिपक्याठिपक्यांची असते, वास येतो, आणि ती बहुतेक वेळा धुतली जाते.

आता ब्लूज. रॉबर्ट जॉन्सनचं सगळं ध्वनिमुद्रण दोन बैठकांतलं, १९३६ साली सॅन अँटोनिओत आणि १९३७ साली डॅलसमध्ये, एकूण २९ गाणी. ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ ही एलपी कोलंबियानं १९६१ मध्ये काढली आणि तिच्यातली खरखर त्या जुन्या मुद्रणातच आहे. तिच्यावर चार बारीक टिकटिकी वाढल्या तर काहीच बिघडत नाही. आवाज आणि गिटार मधल्या पट्टीत ठासून भरलेले आहेत आणि ते वर उठून येतात. बी. बी. किंगचं ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’ शिकागोत २१ नोव्हेंबर १९६४ रोजी मुद्रित झालं, बाजारात १९६५ मध्ये आलं. त्यात श्रोत्यांचा आरडाओरडा इतका जिवंत आहे की मध्यम प्रतीची तबकडीही आनंदानं ऐकता येते. एकच ब्लूज एलपी घ्यायची असेल तर हीच घ्या. गाणं संपता संपता पुढच्याची सुरावट कशी गुंफली जाते आणि गिटारची एक ओळ गळ्यातल्या ओळीला कसं उत्तर देते, हे इथे जितकं स्पष्ट ऐकू येतं तितकं स्टुडिओतल्या मुद्रणात क्वचितच येतं.

जॉन मेयॉल आणि एरिक क्लॅप्टन यांचं १९६६चं ‘ब्लूज ब्रेकर्स’ मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणाऱ्या मुद्रणात, मिळालं तर सोडू नका. लेस पॉल गिटार मार्शल अ‍ॅम्प्लिफायरवर पुरती उघडून वाजवल्याचा तो दाट आवाज मोनोत एकसंध येतो. मोनो तबकडीसाठी एक स्वस्त युक्ती आहे. टर्नटेबल आणि प्रीअँप (सुईचा क्षीण संकेत वाढवणारा डबा) यांच्यामध्ये दोन वाय-जोड (दोन तारा एकीत आणणारे जोड) लावून डावी-उजवी वाहिनी एकत्र करा. सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारा गोंगाट दोन्ही वाहिन्यांत उलटसुलट असतो, त्यामुळे तो परस्पर कटतो आणि जुनी तबकडी एकदम स्वच्छ वाटू लागते. हे जोड बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शोधा. याउलट कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड स्टीरिओ’ असं छापलेली जुनी ब्लूज एलपी परत ठेवा. मूळ मोनोला फिल्टर आणि प्रतिध्वनी लावून ओढूनताणून रुंद केलेला तो आवाज पोकळ येतो.

ब्लूजमध्ये अपवाद एकच सांगण्यासारखा. मडी वॉटर्सचं १९६४चं ‘फोक सिंगर’. बडी गायची अकूस्टिक गिटार, विली डिक्सनचा बेस, मध्ये मोकळी शांतता आणि त्यात गळ्याचा एकेक श्वास. इथे खरखर आली की खोलीत बसून ऐकल्याचा अख्खा भास मोडतो. ही एलपी नवीच घ्यावी. बाजारातून मडी घ्यायचाच तर १९७७चं ‘हार्ड अगेन’ बघा. जॉनी विंटरनं निर्मिती केलेलं हे मुद्रण इतकं दणदणीत आहे की बारीकसारीक चरे त्यात बुडून जातात.

फोक रॉकचं नेमकं उलट. निक ड्रेकचं ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचं ‘लीज अँड लीफ’, दोन्ही १९६९ची, दोन्ही लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत जो बॉइडच्या निर्मितीखाली जॉन वुडनं मुद्रित केलेली. बोटांनी छेडलेल्या तारेचा आवाज विरत जातो तिथेच या संगीताचा अर्धा जीव आहे आणि टिकटिक नेमकी त्याच जागी कानात बसते. ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’मधलं ‘रिव्हर मॅन’ पाच मात्रांचं. त्याची चाल इतकी अलगद आहे की एका चऱ्यानं लय तुटल्यासारखी वाटते. तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची. तेवढ्या ठरावीक अंतरानं टिक येत असेल तर तो अनेक खाचांना छेदून गेलेला चरा आहे, धूळ नाही, धुण्यात वेळ घालवू नका. ‘लीज अँड लीफ’ तुलनेनं दणकट आहे. डेव्ह मॅटॅक्सचे ड्रम आणि डेव्ह स्वारब्रिकचं व्हायोलिन बरंच झाकून घेतात. पेंटँगलचं ‘बास्केट ऑफ लाइट’ मिळालं तर दोन्ही बाजू नीट पारखूनच पैसे द्या. डॅनी थॉम्पसनचा उभा बेस आणि जॅकी मॅकशीचा गळा यांच्यामध्ये मोकळी हवा आहे, तिथे काही लपत नाही. फोक रॉकसाठी नियम सोपा: टॉर्चखाली एकही नख अडणारा चरा नको.

प्रोगची अडचण चऱ्यांपेक्षा खोल आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरायचा, म्हणून आतल्या खाचांत तार सूर फाटतात. साधं गाणं तिथे निभावून नेतं. प्रोगचे रचनाकार मात्र कळस नेमका शेवटी ठेवतात. येसचं ‘क्लोज टू दि एज’ (१९७२) घ्या. पहिली अख्खी बाजू म्हणजे पावणेएकोणीस मिनिटांची एकच रचना आणि तिचा शेवटचा उठाव आतल्या खाचांत. किंग क्रिमसनच्या ‘रेड’ (१९७४) मध्ये ‘स्टारलेस’ दुसऱ्या बाजूच्या शेवटी येतं. मधला तेरा मात्रांचा भाग ताणत ताणत फुटतो तो लेबलच्या काठावर. जेनेसिसचं ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) तर साडेत्रेपन्न मिनिटांचं आहे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखानं मावतात, इथे दुसरी बाजू एकोणतिसाच्या जवळ जाते. खाचा दाटीनं कोराव्या लागल्या, म्हणून आवाज मुळातच हळू. आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि त्यासोबत खरखरही वाढते. कोणी बोथट सुईनं ही तबकडी वीस वर्षं वाजवली असेल तर ‘द सिनेमा शो’चा उत्तरार्ध गेलाच म्हणून समजा. सात मात्रांच्या ठेक्यावर टोनी बँक्सचा सिंथेसायझर मजले चढवत जातो तो हा भाग. रूपक अंगात मुरलेल्या श्रोत्याला त्याची गोडी चटकन लागेल, पण तो धड वाजायला हवा.

म्हणून प्रोग नवं घ्या. आयात तबकडी खिशाला जड जाते, तरी आतल्या खाचा शाबूत असतात. वजनाला भुलू नका. १८० ग्रॅमची जाड तबकडी सहज वाकत नाही, पण आवाज चांगला की वाईट हे कोरण्याच्या कामावर आणि मूळ टेपवर ठरतं. ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ (१९६९) ची पहिल्या पिढीची मास्टर टेप बरीच वर्षं बेपत्ता होती, त्यामुळे मधल्या काळातल्या आवृत्त्या टेपच्या प्रतींवरून निघाल्या आणि धूसर वाटतात. २००४ची आवृत्ती सापडलेल्या टेपवरून झाली, तिच्यात मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डचे थर वेगवेगळे कळतात. जेथ्रो टलचं ‘अ‍ॅक्वालंग’ (१९७१) मूळ मिश्रणातच (मिक्सिंगमध्येच) कोंदट आहे. स्टीव्हन विल्सननं २०११ मध्ये केलेलं नवं मिश्रण निःसंशय सरस. इथे जुनी प्रत शोधण्यात अर्थ नाही. बाजारात ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ (१९७२) हे टलचंच दिसलं तर कव्हरसाठी जरूर घ्या. ते कव्हर म्हणजे बारा पानी वर्तमानपत्रच, त्याची सगळी पानं आहेत का मोजा. पिंक फ्लॉइडचं ‘डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हा प्रोगमधला एकच सौदा बाजारात करण्याजोगा. तो सापडतो, बाजूही बेताच्या लांबीच्या आहेत. मूळ ब्रिटिश प्रतीत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर होते. ते नाहीत म्हणून भाव पाडायला हरकत नाही.

भावाचं म्हणाल तर नव्या तबकडीच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नका. सकाळी लवकर गेलं तर माल न चिवडलेला असतो आणि भवानीच्या वेळी विक्रेते सहसा अडून बसत नाहीत. “काका, चारही घेतो, एकदम काय लावणार?” असं विचारलं की एकेकटीच्या घासाघिशीपेक्षा लवकर जमतं. हातातल्या एलपीची जगात काय किंमत चालते हे मोबाइलवर त्यांच्यासमोर शोधत बसू नये.

घरी आणल्यावर लगेच वाजवू नका. तीन भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्ध्या लिटरला भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. मायक्रोफायबरच्या फडक्यानं खाचांच्या दिशेनं गोल पुसा, आडवं नाही, आणि लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कधीच लावू नये, लाख विरघळते. सावलीत उभी वाळवा, जुनी पाकिटं फेकून नव्या पॉलिथिनच्या आतल्या पाकिटात घाला.

सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरची सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाबते, ती या सगळ्या खटाटोपावर पाणी फिरवते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई सारखं कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) दोन ग्रॅमवर चालतं. त्याची लंबगोल सुई सुमारे ३०० तास टिकते. प्रोग जास्त ऐकत असाल तर त्याच कार्ट्रिजवर बसणारी मायक्रोलाइन (अधिक बारीक घडवलेली) सुई घ्या. महाग आहे, पण साधारण १००० तास चालते आणि आतल्या खाचांतली फाटाफूट खूपच कमी करते. घूं असा आवाज येत असेल तर आधी अर्थिंगची बारीक वायर प्रीअँपच्या स्क्रूला लागली आहे का ते पाहा. पावसाळ्यात एलपी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, सप्टेंबर संपेपर्यंत महिन्यातून एकदा प्रत्येक कव्हर उघडून वारा द्या. मार्च ते मे कोरड्या हवेत तबकडीवर स्थिर वीज साचून धूळ ओढली जाते, तेव्हा दर वेळी वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा.